बोटीवर माळा हवा का?

नायगावला नव्या इमारतीत राहायला आल्यावर शेजारच्या बाई पहिल्यांदा चहाला आल्या आणि त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे होतात नोकरीला?" मी म्हटलं, "बोटींच्या कारखान्यात." त्यांनी माझ्याकडे एकदम आदराने पाहिलं. मला खोटा आदर पचत नाही. लगेच सांगून टाकलं, की मला पोहता येत नाही, भाऊच्या धक्क्यावर लाँचमध्ये पाय ठेवला की पोटात ढवळतं, आणि माझं सगळं काम खुर्चीत बसून असायचं. नवी बोट मागवायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिच्यावर काय काय हवं ते विचारायचं आणि लिहून घ्यायचं.

"एवढंच?" बाई म्हणाल्या.

"एवढंच," मी म्हटलं. त्या चहा पिऊन गेल्या, पण ते 'एवढंच' माझ्या डोक्यातून जाईना. दिवाळी अंकाच्या संपादकांनी नेमकं त्याच आठवड्यात नोकरीबद्दल लिहा म्हणून फोन केला. त्यामुळे वाचकांनी दोष द्यायचाच तर शेजारच्या बाईंना द्यावा.

आमचा कारखाना दारूखान्यात. माझगावच्या पलीकडे, भंगाराच्या गल्ल्या ओलांडून खाडीच्या कडेला. लग्न ठरताना 'मुलगी रोज दारूखान्यात जाते' हे ऐकून माझ्या सासूबाईंनी आधी पाणी मागितलं होतं. तिथे आम्ही पॉन्टून बनवत असू. पॉन्टून म्हणजे काय ते सोपं आहे. दोन्ही तोंडं बंद केलेली ॲल्युमिनियमची दोन लांबलचक नळकांडी घ्यायची, त्यांच्यावर सपाट पाट ठोकायचा, भोवती कठडा, आत बाकं, मागे इंजिन. चाळीतली कॉमन गॅलरी उचलून पाण्यात सोडली तर जशी दिसेल तशी ही बोट दिसते. होडीसारखी ती डचमळत नाही, म्हणून धरणांवरचे रिसॉर्टवाले आणि खाडीत पर्यटक फिरवणारे ती घेतात.

मूळ बोट अगदी साधी असते. बाकी सगळं जादा. आमच्या ऑफिसात शब्दच तो होता, 'जादा'. मध्ये तिसरं नळकांडं हवं का? इंजिन मोठं हवं का? छप्पर घडीचं की पक्कं? पाण्यात उतरायला शिडी, पाण्याखाली रंगीत दिवे, गाण्यांचे स्पीकर, कपडे बदलायची खोली? आणि सगळ्यात महाग जादा म्हणजे वरचा माळा. छपरावर दुसरा पाट, त्याला जिना, आणि हौस असेल तर वरून थेट पाण्यात घसरगुंडी.

जादा निवडताना माणसं जशी उघडी पडतात तशी लग्नाच्या बोलणीतही पडत नसतील. गिरगावातले एक निवृत्त प्राध्यापक आले होते, त्यांना धरणाकाठच्या घरासाठी बोट हवी होती. त्यांनी पुस्तकांचं कपाट मागितलं आणि इंजिन नको म्हणाले. "मग बोट हलणार कशी?" मी विचारलं. "हलायला कशाला हवी?" ते म्हणाले. दादरचं एक डॉक्टर जोडपं होतं. त्याला पुढे तोंड करून बसायची बाकं हवी होती, तिला मागे तोंड करून. दुपारभर वाद घालून त्यांनी शेवटी गोल फिरणाऱ्या खुर्च्या घेतल्या आणि फार खुशीत गेले. एका बिल्डरला झुंबर हवं होतं. ते मात्र मी लिहून घेतलं नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान असते. गिऱ्हाईक जादा निवडतं तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर एकच दिवस असतो, उद्घाटनाचा. ऊन कोवळं, पाणी शांत, पाहुणे हौशी. बोट मात्र नंतर रोज चालवायची असते. म्हणून मी एक पद्धत पाडली होती. शेडच्या मोकळ्या फरशीवर खडूने बोट काढायची, पूर्ण मापाची. मग कॅन्टीनमधली प्लॅस्टिकची स्टुलं मांडून गिऱ्हाइकाला आत उभं करायचं. कागदावर माणूस वाटेल त्याला हो म्हणतो, पण खडूच्या रेघेत उभं राहिल्यावर त्याला आपली ढोपरं कुठे आपटणार ते कळतं. अर्ध्या लोकांचा झगमगाट तिथेच उतरायचा. मालकांना ही पद्धत फारशी आवडत नसे, पण बोटी परत येत नसत, म्हणून ते गप्प राहत.

मला आठवतात ते परब. दत्ताराम परब, काळाचौकीचे. परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आयुष्यभर लिफ्टमन होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि दारातून आत येताना आधी बाजूला सरून दुसऱ्याला वाट द्यायची सवय. त्यांना बोट स्वतःसाठी नको होती. गावाला धाकटा भाऊ होता, गोपाळ, त्याच्यासाठी हवी होती.

गाव मालवणच्या बाजूला, खाडीकाठी. परबांचं घर खाडीच्या पलीकडच्या तीरावर. गोपाळ तिथे तर चालवायचा, म्हणजे माणसं होडीतून या काठावरून त्या काठावर पोचवायचा. वरच्या अंगाला पूल झाला आणि माणसं पुलावरून रिक्षाने जायला लागली. होडी बसून राहिली, गोपाळही बसून राहिला. आता खाडीत पर्यटक यायला लागले होते, डॉल्फिन बघायला, खारफुटी बघायला. परबांनी आपला फंड आणि चाळीच्या पुनर्विकासात हाती आलेले पैसे एकत्र करून भावाला बोट घेऊन द्यायचं ठरवलं होतं. ही बोट चालली तर गोपाळचं घर चालणार होतं. नाही चालली तर दोन्ही भावांकडे दुसरं काही उरत नव्हतं. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं.

आणि मग म्हणाले, "मॅडम, पहिलं लिहा, वर माळा."

मी पेन खाली ठेवलं. "माळा कशाला, परबसाहेब?"

"काय आहे ना, जन्मभर लोकांना वर नेऊन सोडलं. दार बंद केलं की मी परत खाली. आमच्या हॉस्पिटलची गच्ची कशी आहे ते मी रिटायर होईपर्यंत बघितलं नव्हतं, खरं सांगतो. वरून बघण्यात वेगळीच मजा असते हो. आणि गावात कसं, परबांची बोट लांबून दिसली पाहिजे."

मी त्यांना समजावून सांगितलं. खाडीच्या तोंडाशी वारा असतो, बोट वरून जड झाली की वाऱ्यात कलते. शिवाय पर्यटक. डॉल्फिन दिसला की सगळे एका बाजूला धावतात. खाली धावले तर पॉन्टून सहन करतं, वर धावले तर नाही. परबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "घसरगुंडीचा रंग कुठला मिळेल?"

कोकणातला मुंबईकर गावी घर बांधतो ते आपल्या मे महिन्यातल्या सुट्टीसाठी बांधतो, हे मी लालबाग-परळमध्ये वाढल्यामुळे लहानपणापासून बघत आलेय. कमोड, संगमरवर, गच्चीवर टाकी. बारमाही राहणारा भाऊ बिचारा चुलीचा धूर कुठून काढायचा या विवंचनेत. बोटीचंही तेच चाललं होतं. दुरून बघणाऱ्याला बोट दिसते कशी ते महत्त्वाचं वाटत होतं, आणि ती वळते कशी ते ज्याला बघायचं होतं तो तीनशे मैल लांब होता.

"गोपाळला विचारलंत का?" मी म्हटलं.

"त्याला काय विचारायचं? तो म्हणतो, दादा, तुम्ही ठरवशात तसा." परब हसले. "बाप गेला तेव्हा एवढा होता. मी वाढवला त्याला. माझ्यापुढे त्याचं तोंड उघडत नाही."

"मग कोणाला तरी विचारा," मी जरा चिडूनच म्हटलं.

परबांनी ते मनावर घेतलं. दोन दिवसांनी आले आणि म्हणाले, "देवाला विचारायचं ठरलंय."

कोकणातल्या वाचकांना हे सांगायला नको, इतरांसाठी सांगते. गावच्या देवाला काही विचारायचं असलं की कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे हात जोडून वाट बघतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, जमीन, विहीर, सगळं या पाकळ्यांवर ठरतं. परबांनी ठरवलं की एकेका जादाचा कौल गोपाळने देवळात जाऊन घ्यायचा आणि फोनवर कळवायचा.

आता मी बौद्ध घरातली. आमच्याकडे नवस, कौल, अंगारा यांतलं काही नाही. वडील गिरणीतून आल्यावर पेपर वाचत आणि कोणी देवाचा विषय काढला की पेपरचं पान उलटत. मीही गप्प पान उलटलं आणि जादांची यादी परबांच्या पुढे सरकवली. म्हटलं, बघू तरी देवाला बोटीतलं काय कळतं ते.

देवाला बरंच कळत होतं. तिसरं नळकांडं हवं का? उजवा कौल. बरोबर होतं, खाडीत भरतीच्या लाटेला तिसरं नळकांडं लागतंच. घडीचं छप्पर? उजवा. पाण्याखालचे रंगीत दिवे? डावा. मोठे स्पीकर? डावा. मग मी मुद्दाम एक चकवणारं जादा पाठवलं. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम कुरतडलं जातं, म्हणून नळकांड्यांना जस्ताचे ठोकळे लावतात. आधी ते झिजतात आणि बोट वाचते. दिसायला काही नाही, उद्घाटनाच्या फोटोत येत नाही, म्हणून कोणीही घेत नाही. देवाने उजवा कौल दिला आणि वर निरोप धाडला, की ठोकळे दरवर्षी बदलायचे, तर दोन जास्तीचे आताच पाठवा.

मी परबांकडे बघितलं. ते भक्तिभावाने फोनकडे बघत होते. माझ्या मनात आलं, हा देव एक तर पूर्वजन्मी आमच्याकडे मिस्त्री होता, नाही तर तो बऱ्याच वर्षांपासून होडी चालवतोय.

माळ्याचा कौल डावा आला. परब हिरमुसले. "गुरवाला 'माळा' कळला नसेल. पुन्हा विचार म्हणून सांगतो गोपाळला." पुन्हा डावा. मग त्यांनी घसरगुंडी काढून टाकून नुसता माळा विचारला. डावा. माळा छोटा केला. डावा. कौलाच्या फोनसाठी ते रोज आमच्या ऑफिसात येऊन बसत, पण दुपारी एकच्या आत उठत आणि घाईने निघत. एकदा मी सहज म्हटलं, बसा की, डबा खाऊन जा. तेव्हा कळलं की घरी बायको आहे, सुलभाताई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून चाकाची खुर्ची. परब बाहेर असले की शेजारीण तिच्यापाशी बसते, पण तिलाही एकला मुलाला शाळेतून आणायचं असतं.

"गावी नेता की नाही?" मी विचारलं.

"कशी नेणार? घर पलीकडच्या तीराला, पुलावरची रिक्षा घरापर्यंत पोचत नाही, पुढे बांधावरून चालायचं. धक्क्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या, आणि होडीत उतरायचं म्हणजे उडीच. तिचं गाव संपलं आता." बंद पडलेल्या दुकानाबद्दल बोलावं तसं ते बोलले. "आणि तिला सोडून मी कुठे जाणार? म्हणजे माझंही संपल्यातच जमा."

"मग या बोटीत तुम्ही कधी बसणार?"

"गोपाळ व्हिडिओ पाठवेल ना. माळा असला की व्हिडिओत पण छान दिसेल." असं म्हणून ते गेले. त्या दिवशी मला माझा डबा गोड लागला नाही.

पुढच्या आठवड्यात परब आले ते ओळखू येत नव्हते. शर्ट तोच इस्त्रीचा, पण चेहरा काळवंडलेला. खुर्चीवर न बसताच म्हणाले, "मॅडम, ऑर्डर रद्द करा."

झालं होतं असं. इतके कौल दिले म्हणून देवाला नारळ वाढवा, हे सांगायला त्यांनी थेट गुरवाला फोन लावला. गुरव म्हणाला, "कसली बोट?" गोपाळ देवळात फक्त एकदा आला होता, मनात काहीतरी धरून एक कौल घेतला होता आणि निघून गेला होता. बाकीचे सगळे कौल गोपाळने आपल्या मनाने दिले होते.

"देवाचं नाव घेऊन मला फसवलं त्याने. ज्याच्यासाठी मी सगळं ओतलं त्याने." त्यांनी जादांची यादी माझ्यापुढे सरकवली. "मला नको बोट. बसू दे त्याला होडीवर माश्या मारत."

मी त्यांना पाणी दिलं. "परबसाहेब, तो कशाला असं करेल?"

"तुम्ही देव मानत नाही, तुम्हाला नाही कळायचं."

"देव नाही कळत," मी म्हटलं, "पण धाकटं असणं कळतं. मी चौथी मुलगी. माझ्या मोठ्या बहिणीने पसंत केलेल्या साड्या मी तिशीपर्यंत नेसलेय, आणि त्यातली एकही मला आवडली नव्हती. तिला आजतागायत माहीत नाही." मी पुढे म्हटलं, "रद्द करायला मला एक मिनिट लागतं. त्याआधी त्याला इथे बोलवा. मी बोट खडूने काढून ठेवते. तुम्ही दोघं तिच्यात उभे राहा आणि मग सांगा, रद्द म्हणून."

बोलवायची गरज पडली नाही. गुरवाने गावात बोभाटा केला होता, आणि गोपाळ त्याच रात्रीच्या एसटीत बसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरळ दारूखान्यातच आला. दादाच्या घरी जायचं धाडस झालं नसावं. उन्हाने काळा झालेला, पन्नाशीचा, रुंद तळहातांचा माणूस. शेडच्या दारात पिशवी छातीशी धरून उभा राहिला. मी फोन केल्यावर परबही थोड्या वेळाने टॅक्सीने आले. त्या वारी सुलभाताईंचा व्यायाम परळच्या हॉस्पिटलात असायचा आणि तिथून घरी सोडून यायला वेळ नव्हता, म्हणून ते त्यांना खुर्चीसकट घेऊन आले होते.

दोघे भाऊ समोरासमोर आले. गोपाळ पाया पडायला वाकला, परबांनी पाय मागे घेतले. आमच्या मिस्त्र्याने समजूतदारपणे वेल्डिंग बंद केलं आणि माणसं चहाला पाठवली.

फरशीवर मी खडूने बोट काढून ठेवली होती. पुढे टोक, मागे इंजिन, डाव्या अंगाला बारीक दरवाजा, कडेने बाकं, आणि मधोमध तुटक रेघांनी वरच्या माळ्याची जागा. परबांनी बायकोची खुर्ची रेघेबाहेर ठेवली आणि स्वतः तिच्यामागे उभे राहिले. गोपाळला म्हणाले, "जा आत. आता मधे देव नाय. बोल काय बोलूचा ता."

गोपाळ रेघेच्या आत गेला. थेट मागे, इंजिनापाशी. तिथे उभा राहून त्याने पुढे पाहिलं, मग वर पाहिलं. मला वाटलं, गेली ऑर्डर.

"दादा," तो म्हणाला, "माका माळो नको."

"कित्याक?"

"वर जागा असली की लोक वर चढतले. डॉल्फिन दिसलो की सगळे एका बाजूक. मी खाली उतरा म्हणान सांगूक व्हया, पण माझा आयकतलो कोण? माका कोणाक नको म्हणूक जमणा नाय, दादा. तुमकाच माका कधी नको म्हणूक जमला नाय, तर लोकांका काय सांगतलंय? कोणाची पोरां पाण्यात गेली तर?" त्याने कपाळावरचा घाम पुसला. "वर जागाच नसली, तर नको म्हणूची पाळी नाय."

इतकं बोलून तो दमला. जन्मात पहिल्यांदा एका दमात इतकं बोलला असावा.

परबांचा राग मात्र माळ्याचा नव्हताच. "ता सगळा खरा," ते म्हणाले, "पण देवाच्या नावार खोटा बोललंस ता? तेची भीती नाय वाटली?"

"वाटली. म्हणानच तर विचारलंय." गोपाळ खाली बघत म्हणाला. "एकदाच गेलंय देवळात. मनात म्हटलंय, देवा, दादाक माझ्या तोंडान सांगूक जमणा नाय, तुझ्या नावार मी बोलू काय? उजवो दिल्यान."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण मला हसू आवरेना आणि डोळेही भरून आले होते. परबांची पंचाईत झाली. देवानेच परवानगी दिली म्हटल्यावर भावाला खोटारडा कसं म्हणायचं?

खुर्चीतून एक आवाज आला. सुलभाताई हसत होत्या. अर्ध्या तोंडाने, पण चांगल्या मोठ्याने.

त्या हसण्याने गोपाळला काय धीर आला कोण जाणे. तो बोटीच्या पुढच्या टोकाशी आला, गुडघ्यांवर बसला आणि तळहाताने माझी कठड्याची रेघ पुसायला लागला. हातभर पुसली, मग आणखी हातभर. मला वाटलं, राग काढतोय. मग त्याने माझ्याकडे खडू मागितला आणि पुसलेल्या जागेपासून बाहेरच्या बाजूला दोन तिरप्या रेघा ओढल्या, धक्क्यावर टेकलेल्या फळीसारख्या.

मला समजलं. पुढून उघडणारा रुंद दरवाजा आणि त्याला जोडलेला उतरता पाट, असं एक जादा आमच्याकडे होतं. रिसॉर्टवाले ते पेट्या आणि गॅस सिलिंडर चढवायला घेत. परबांच्या बोटीसाठी ते ना त्यांनी मागितलं होतं, ना देवाने.

गोपाळ उठला, हात पँटला पुसले आणि खुर्चीपाशी गेला. "वयनी, जाऊया?" त्याने विचारलं. सुलभाताईंनी मान हलवली. परबांचे हात खुर्चीच्या मुठींवर होते, ते गोपाळने हळूच बाजूला केले. मग त्या दोन तिरप्या रेघांच्या मधून, कुठेही चाक रेघेवर जाऊ न देता, त्याने खुर्ची बोटीत नेली आणि पुढच्या बाकाशेजारी, जिथून समोरचं सगळं पाणी दिसलं असतं, तिथे उभी केली.

परब बाहेरच उभे. हॉस्पिटलात त्यांनी अशा किती खुर्च्या आत घेतल्या असतील आणि बाहेर काढल्या असतील. खुर्चीला किती जागा लागते, उंबरठा किती चालतो, वळवायची कशी, हे त्यांच्याइतकं त्या शेडमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. आणि इतके दिवस इतकी जादा निवडताना त्यांच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं, कारण बायको आता गावी जाणार नाही हे त्यांनी केव्हाच गृहीत धरलं होतं.

"ह्यो कोणाचो कौल?" त्यांनी विचारलं.

"देवाचो नाय, दादा," गोपाळ म्हणाला. "मी सांगतंय."

सुलभाताईंना शब्द जुळवायला वेळ लागतो. त्यांनी बरा हात उचलून नवऱ्याकडे केला आणि एकेक शब्द काढत विचारलं, "तुमी... येतास मां?"

परबांनी रेघेबाहेर चपला काढल्या. नीट जोडून ठेवल्या. त्या दोन तिरप्या रेघांमधून ते अनवाणी चालत आत आले, बायकोच्या बाजूला वाकले आणि खुर्चीचे दोन्ही ब्रेक लावले.